स्काइप नेमकं कुणाचं?

शाळेच्या ग्रुपवर पुन्हा तेच सुरू आहे. व्हॉट्सॲप सोडा, अरट्टैवर चला, स्वदेशी वापरा. (हा आग्रह अर्थातच व्हॉट्सॲपवर.) त्यात एकाने माझं नाव घेऊन टोला हाणला: "13 लाख वस्तीच्या एस्टोनियाने स्काइप काढलं. आपण 140 कोटी. तू तिथेच असतोस ना, सांग की त्यांना कसं जमलं ते."

सांगतो. स्काइप, म्हणजे ते इंटरनेटवरून फोन लावायचं ॲप, एस्टोनियाने काढलं नाही. निक्लास झेनस्ट्रॉम हा स्वीडिश आणि यानुस फ्रीस हा डॅनिश, या दोघांनी काढलं. कोड लिहिला इथल्या आहती हाइन्ला, प्रीत कासेसालू आणि यान तालिन (आडनाव आहे, इथलं राजधानीचं शहर नव्हे) या मंडळींनी. कंपनीचं मुख्यालय लक्झेंबर्गला. ऑगस्ट 2003 मध्ये ते लोकांपुढे आलं, 2005 मध्ये ईबेने 260 कोटी डॉलरना विकत घेतलं आणि 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टने 850 कोटींना. आता यावर झेंडा कुणाचा लावायचा?

आणि ते चाललं ते देशाभिमानावर नव्हे. याच पोरांनी आधी काझा लिहिलं होतं, गाणी वाटून घ्यायचं. तीच युक्ती त्यांनी फोनला लावली. मधे भलामोठा सर्व्हर नाही, दोन कॉम्प्युटर थेट एकमेकांशी बोलणार. ज्याची लाइन बरी, त्याचा कॉम्प्युटर त्याच्या नकळत इतरांना पत्ता शोधून देणार. म्हणजे तुमच्या घरचं यंत्र कुणा अनोळखी माणसाच्या कॉलचं हमाल. ऑफिसात नेट अडवणाऱ्या फायरवॉलमधूनही कॉल बरोब्बर लागायचा. पुढे मायक्रोसॉफ्टने हे काम स्वतःच्या सर्व्हरवर नेलं.

आपल्याकडे मात्र नोव्हेंबर 2014 पासून भारतातल्या भारतात स्काइपवरून मोबाइल किंवा लँडलाइन लावणंच बंद झालं. इंटरनेटचा कॉल साध्या फोनला जोडायला नियमच आडवे येत होते. तेव्हा नाही कुणाला स्वदेशी आठवलं!

इथे तालिनच्या मुस्तमॅए भागात सामान घरपोच करणारा रोबो बर्फात रुतला, की येणारे-जाणारे त्याला ढकलून पुढे लावतात. तो रोबो बनवणारी कंपनी हाइन्ला आणि फ्रीसचीच. मी घरी पैसे पाठवतो ते वाइजवरून. तिचा एक संस्थापक तावेत हिन्रिकुस हा स्काइपचा पहिला कर्मचारी. ॲप गेलं, माणसं कामाला लागली. एवढं सगळं ग्रुपवर टाइप केलं, तर उत्तर आलं: "तू त्यांचाच झालास रे."

झालो असतो तर बरंच होतं. पंधरा वर्षं झाली. मी एस्टोनियनमध्ये विचारतो, समोरचा सौजन्याने इंग्रजीत उत्तर देतो.

आणि खरं सांगायचं तर मीही लबाडी केलीच आहे. 5 मे 2025 ला स्काइप बंद झालं, तेव्हा आईला फोनवर मीच म्हणालो होतो, "आमचं स्काइप गेलं गं." आमचं! ती म्हणाली, "कुणाचं?"

पहिल्या हिवाळ्यात इथले रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिकडे एक. स्काइपच्या यादीतली सगळी नावं करडी, म्हणजे कुणीच ऑनलाइन नाही. हिरवं असायचं ते एकच, आवाज तपासायचं, इको. त्याला कॉल लावला की एक बाई इंग्रजीत सांगायची, टोन वाजल्यावर बोला. मी बोलायचो. माइक तर पहिल्याच दिवशी तपासून झाला होता. "जेवलीस का गं?" असलंच काहीतरी. मग तेच शब्द हेडफोनमध्ये परत यायचे, आणि दिवसभरात कानावर पडलेलं मराठी तेवढंच असायचं.