२२ डॉलर ८० सेंट

आज एका ओळखीच्यांकडे सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा हातात घेऊन मी कोपऱ्यात टेकले, तर एक गृहस्थ शेजारी येऊन बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, तुम्ही त्या बंदुकीच्या दुकानाचे हिशेब बघता ना? एक काम होतं."

काम काय ते पुढे सांगते. आधी बातमी. त्यांनी पिस्तूल मागवलंय. ऑनलाइन, दुसऱ्या राज्यातल्या एका छोट्या विक्रेत्याकडून, कारण तो टेक्ससचा सेल्स टॅक्स लावत नाही. किंमत ६४० डॉलर, आमच्याकडचा दर ८.२५ टक्के, म्हणजे ५२ डॉलर ८० सेंट वाचले. चेहरा असा की गड सर करून आलेत.

आपल्यातल्या बहुतेकांना घरात बंदूक असावी असं वाटत नाही, ते मी इथे उगाळत बसणार नाही. माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे.

मी ज्यांचे हिशेब बघते ते आजोबा ७४ वर्षांचे. डॅलसजवळच्या फ्रिस्कोपासून पाऊण तासावर एका छोट्या गावात त्यांचं दुकान. मागे एकदा मी आत बसून पावत्या लावत होते. एक तरुण आला. आजोबांनी तीन पिस्तुलं काढून दाखवली, हातात कसं बसतंय बघितलं, पकड दुरुस्त केली, घरात लहान मुलं आहेत का विचारून कुलपाचं समजावलं. सव्वा तास. पोराने किमतीच्या चिठ्ठीचा फोटो काढला, 'थँक यू सर' म्हणाला आणि गेला. आठवड्याने तेच मॉडेल खोक्यात बंद होऊन आलं. कुठे? आजोबांच्याच दुकानात!

कारण इथे बंदूक पिझ्झासारखी दारात येत नाही. एकेकाळी यायची. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींना मारणाऱ्या ली हार्वी ऑस्वाल्डने १९६३ मध्ये शिकागोच्या दुकानातून खोट्या नावाने रायफल मागवली, टपालखर्च धरून २१ डॉलर ४५ सेंट. ती आमच्याच डॅलसच्या पोस्टात आली आणि पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. पाच वर्षांनी, मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्याही हत्येनंतर, १९६८ चा कायदा आला. तेव्हापासून दुसऱ्या राज्यातून मागवलेली बंदूक तुमच्या गावच्या परवानाधारक दुकानदाराकडेच येते. तो ती आपल्या वहीत चढवतो, तुमच्याकडून ४४७३ नंबरचा फॉर्म भरून घेतो, तुमची पार्श्वभूमी तपासून घेतो, मग ती तुमच्या हातात देतो. याला म्हणायचं ट्रान्स्फर. आजोबा त्याचे तीस डॉलर घेतात. फॉर्ममध्ये एक रकाना चुकला तर तपासणीच्या वेळी उत्तर द्यायला तेच उभे, तो ऑनलाइनवाला नाही.

आणि दुकानातल्या विक्रीवरचा टेक्सस राज्याचा सेल्स टॅक्सही २० तारखेच्या आत तेच भरतात. वेळेवर भरला की राज्य अर्धा टक्का सूट देतं. त्या अर्ध्या टक्क्यासाठी हा माणूस मला १५ तारखेपासून फोन करायला लागतो.

आता आपल्या गृहस्थांचा हिशेब करू. ५२.८० वाचले, त्यातले तीस ट्रान्स्फरला गेले. उरले २२ डॉलर ८० सेंट. दोन थाळ्यांचेही पैसे नाहीत हो!

वर मला म्हणतात, "वहिनी, हे लीगल आहे. पळवाट आहे." मी म्हटलं, पळवाट नाही, बुडवणं आहे. विक्रेत्याने टॅक्स घेतला नाही म्हणजे तो माफ झाला असं नसतं. त्याच दराने 'यूज टॅक्स' लागतो आणि तो घेणाऱ्याने स्वतः भरायचा असतो. त्याचा वेगळा फॉर्म आहे. तो कोणी भरत नाही ही गोष्ट निराळी. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये वेफेअर या फर्निचर विकणाऱ्या कंपनीच्या खटल्यात सांगितलं की राज्यात दुकान नसलं तरी राज्य विक्रेत्याला टॅक्स गोळा करायला लावू शकतं. निकाल ५ विरुद्ध ४. टेक्ससने मर्यादा ठेवली वर्षाला पाच लाख डॉलरची. त्याहून कमी विकणारा सुटतो. असे विक्रेते शोधून काढायचे हा काही लोकांचा छंद झालाय. जकात नाक्याच्या पलीकडून फ्रीज आणणारे काका आठवले मला. तेही असेच खुलायचे.

हो, माहीत आहे, पिस्तुलावर आधीच १० टक्के केंद्राचा कर असतो. तो उत्पादक भरतो आणि वन्यजीवांसाठी जातो. बरं. आणि 'बंदूक हा घटनेने दिलेला हक्क, हक्कावर कर कसला' म्हणणाऱ्यांसाठी: १९९० मध्ये याच कोर्टाने धार्मिक पुस्तकांच्या विक्रीवरचा सेल्स टॅक्सही चालवून घेतलाय, एकमताने. पिस्तूल काय बायबलपेक्षा पवित्र आहे?

आणि अहो गृहस्थ, राज्याचा इनकम टॅक्स नको म्हणून तुम्ही कॅलिफोर्निया सोडून इथे आलात. तिथे २०२४ च्या जुलैपासून बंदुकीवर ११ टक्के जादा आहे, हे तुम्हीच मला सांगितलंत. इथे राज्य मुख्यतः सेल्स टॅक्सवर चालतं. मग तोही नको?

जरा थांबते. पाणी पिऊन आले.

खरं सांगायचं तर २००६ मध्ये मीही न्यूयॉर्कच्या एका दुकानातून कॅमेरा मागवला होता, टॅक्स लागत नाही म्हणूनच. यूज टॅक्स हा शब्दही तेव्हा ऐकला नव्हता. आणि या माणसाच्या घरी मागच्या दिवाळीत चोरी झाली. बायकोचं सगळं सोनं गेलं, सासूबाईंच्या पाटल्यांसकट. रात्री झोप लागत नाही म्हणाले. पिस्तुलाने झोप लागेल असं मला वाटत नाही, पण त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मी पाहिली. ते हावरट नाहीत. मग सव्वा तास उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्याचा विचार मनात का येत नाही, हे मला कळत नाही.

आता ते काम. खोकं गुरुवारी येतंय. ट्रान्स्फरसाठी त्यांनी दुकान निवडलंय आमच्या आजोबांचं. का, तर माझी ओळख आहे. "तीसमध्ये काही कमी होईल का, तुम्ही सांगून बघा ना."

मी शिऱ्याची वाटी खाली ठेवली. काही बोलले नाही, घर यजमानांचं होतं.

संध्याकाळी आजोबांना फोन केला, परवाच्या रिटर्नसाठी आकडे घ्यायचे होते. बोलता बोलता सगळं सांगून टाकलं. ते हसले. म्हणाले, "तुमच्या ओळखीचे आहेत ना, मॅम? वीस लावतो."

मी म्हटलं, तीसच घ्या.