‘जांभळं खा, विसरभोळेपणा टाळा’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा रागच आला, म्हणून दोन दिवस काही लिहिलं नाही. पुन्हा वाचली तेव्हा राग माझ्याच शीर्षकाचा आला.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ताईंचं म्हणणं असं की फ्लेव्होनॉइडचे (फळं, भाज्या, चहात असणाऱ्या वनस्पतिज द्रव्यांचे) चमत्कार काचेच्या बशीतल्या पेशींवर घडतात, माणसात नाही, म्हणजे यात काहीच नाही. असे लेख वाचून घाबरलेली माणसं महागड्या कॅप्सूल आणतात. आणि त्यांच्या सासूबाईंनी जन्मभर कांदा-भाकरी खाल्ली, परसातली जांभळं खाल्ली, तरी अल्झायमर व्हायचा तो झालाच. ‘मग त्यांचं चुकलं काय?’ असं त्यांनी शेवटी विचारलंय.

‘टाळा’ हा शब्द मागे घेते. शीर्षक बदलते आहे. जुनंही खाली दिसेल असं ठेवते, चूक झाकायची नाही.

काचेच्या बशीबद्दल तर तुम्ही सौम्यच बोललात. बशीतल्या पेशींवर क्वेर्सेटिन (कांद्यातलं फ्लेव्होनॉइड) थेट ओततात, तेही भरपूर. कांदा खाल्ल्यावर मात्र आतडं आणि यकृत त्या रेणूला साखरेचं आम्ल नाहीतर सल्फेट चिकटवतात, म्हणजे रक्तात फिरतो तो बदललेला रेणू, आणि तोही अगदी चिमूटभर. चहा-कोकोतली बरीचशी कॅटेचिन्स (हीही फ्लेव्होनॉइडच) तर मोठ्या आतड्यापर्यंत पोचतात आणि तिथले जिवाणू त्यांचे तुकडे करतात. त्यामुळे ‘अँटिऑक्सिडंट मेंदूत जाऊन गंज काढतात’ हे माझं वाक्य फारच भाबडं होतं. पदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता दाखवणारा तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्याने 2012मध्येच संकेतस्थळावरून काढून टाकला, कारण त्या आकड्यांवरून शरीरात काय होतं ते कळत नाही आणि कंपन्या मात्र ते जाहिरातीत वापरत होत्या. हे मला लेखात लिहायला हवं होतं.

पण ‘यात काहीच नाही’ हे तुमचं वाक्य मला पटत नाही.

शिकागोच्या रश विद्यापीठातल्या संशोधकांनी 921 वृद्धांवर सरासरी सहा वर्षं लक्ष ठेवलं. त्यातल्या 220 जणांना अल्झायमर झाला. आहारातून सर्वांत जास्त फ्लेव्होनॉल (फ्लेव्होनॉइडचाच एक गट, क्वेर्सेटिन त्यातलंच) घेणाऱ्यांत हे प्रमाण सर्वांत कमी घेणाऱ्यांपेक्षा 48 टक्क्यांनी कमी होतं. दोन्ही गटांतला फरक दिवसाला जेमतेम दहा मिलिग्रॅमचा, म्हणजे ताटातल्या भाजीने भरून निघावा इतकाच. आता गंमत बघा. पालेभाज्या, शेंगा आणि चहातल्या केम्फेरॉल या फ्लेव्होनॉलचा संबंध त्यात ठळक दिसला, पण कांद्यातल्या क्वेर्सेटिनचा दिसलाच नाही. आणि मी दोन परिच्छेद कांद्याची आरती ओवाळली होती!

तुम्ही म्हणाल, भाज्या खाणारी माणसं चालतातही जास्त, शिकलेलीही असतात. खरं आहे. संशोधक हिशेबात हे धरतात, पण सगळंच धरता येत नाही. शिवाय हा आजार निदानाच्या पंधरा-वीस वर्षं आधीच आत सुरू झालेला असतो. म्हणजे भाजी कमी खाल्ली म्हणून विसर पडला, की विसर पडायला लागला म्हणून जेवण बिघडलं, हे सहा वर्षांत सुटणारं कोडं नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या 2801 जणांच्या, सुमारे वीस वर्षांच्या पाहणीतही तोच कल दिसला, म्हणून मी हा विषय सोडत नाही. मात्र तिथली फळं म्हणजे ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी. रंगद्रव्याचं कूळ एक, एवढ्यावरून जांभूळ मी पदरचं घातलं.

नुसतं लक्ष न ठेवता प्रत्यक्ष अर्क देऊन केलेल्या चाचण्यांचं चित्र याहून फिकं आहे. कोको अर्काच्या अमेरिकी चाचणीत 2262 वृद्धांना तीन वर्षांत बुद्धीच्या कसोट्यांवर काही फायदा झाला नाही. त्याच प्रकल्पातल्या दुसऱ्या, 3562 जणांच्या चाचणीतही सरसकट फरक नव्हता. ज्यांचा मुळातला आहारच निकृष्ट होता त्यांची स्मरणशक्ती मात्र थोडी सुधारली. (प्रकल्पाला पैसा पुरवणाऱ्यांत मार्स ही चॉकलेट कंपनी होती, हेही सांगायला हवं.) मला यातून एवढंच दिसतं की उणीव असेल तर भरून काढण्यात अर्थ असावा. भरल्या ताटावर गोळी वाढून काही मिळत नाही.

कॅप्सूलबाबत मी पूर्ण तुमच्या बाजूने. ग्रीन टीच्या अर्कातलं ईजीसीजी हे कॅटेचिन जर्मनीत मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी या मेंदूच्या पेशी झिजवणाऱ्या दुर्मीळ आजाराच्या 92 रुग्णांवर वापरून पाहिलं. 48 आठवड्यांनी आजाराचा वेग तोच, आणि काहींच्या यकृताला मात्र त्रास झाला. कपभर चहा आणि दाबून भरलेला अर्क, एकच वस्तू नव्हे. (हळदीबद्दल विचारणाऱ्या दादांना: कर्क्युमिन फ्लेव्होनॉइड नाही, त्यावर वेगळं लिहीन.)

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. सासूबाईंचं काहीही चुकलं नाही. ‘हे खा, ते टाळा’ म्हटलं की ज्याला आजार झाला त्याने खाल्लं नसणार, असा आरोप आपोआप होतो, आणि तो माझ्या शीर्षकाने केला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे बदलता येण्याजोगे चौदा धोके दिलेत: कमी ऐकू येणं, रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा वगैरे. त्या यादीत एकही फळ नाही.

सासूबाईंना जांभळं अजून आवडतात असं तुम्ही लिहिलंय. हंगाम आहे तोवर द्या, आवडतात म्हणून. फक्त बी काढून द्या, गिळताना अडकायला नको.