कुलूप लावा आणि विसरून जा

आपण एखाद्या बँकेच्या वसुली विभागात असाल आणि बुडीत कर्जापोटी नाशिकच्या इंदिरानगरातला एखादा फ्लॅट आपल्या गळ्यात पडला असेल, तर मुळीच घाबरू नये. अशाच एका फ्लॅटच्या बरोबर खाली मी राहतो. जप्त मिळकतीची निगा कशी राखावी याचे धडे मला घरबसल्या मिळाले असून ते मी आपल्याला विनामूल्य देत आहे.

सरफेसी कायद्याची (बुडीत कर्जाची तारण मिळकत बँकेला ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या कायद्याची) ६० दिवसांची नोटीस कर्जदाराच्या जुन्या पत्त्यावरच पाठवावी.

त्यानंतर सांकेतिक ताबा घ्यावा, म्हणजे दारावर कागद डकवून त्याचा फोटो काढावा आणि दोन वृत्तपत्रांत जाहिरात द्यावी. प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा; त्यावर ३० दिवसांत, फार तर ६० दिवसांत आदेश व्हावा असे कायदा म्हणतो. (कायदा बरेच काही म्हणतो.)

वकील पॅनेलवरचाच नेमावा आणि त्याला मिळकत कधीही दाखवू नये.

प्रत्यक्ष ताबा मिळाला की पंचनामा करून दाराला लाखेचे सील ठोकावे, पण बाल्कनीचे दार लागले आहे की नाही हे पाहण्याच्या भानगडीत पडू नये. कबुतरांनाही निवारा लागतोच. ती बाल्कनीतल्या पाणी जाण्याच्या जाळीवर काड्या रचतात, जाळी तुंबते आणि श्रावणातल्या एका रात्री घोटाभर पाणी खोलीत शिरून आमच्या छतातून खाली उतरते. गोदेचा पूर नाशिककर दुतोंड्या मारुतीवरून मोजतात, तसा आम्ही तो आईच्या पलंगावर ठेवलेल्या बादलीवरून मोजतो. अशा वेळी खालच्या रहिवाशाचा फोन आल्यास शाखेने प्रादेशिक कार्यालयाचा, प्रादेशिक कार्यालयाने लीगलचा आणि लीगलने वकिलांचा नंबर द्यावा. वकीलसाहेबांनी ‘मॅटर डीआरटीत आहे’ (म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात) एवढे सांगून फोन ठेवावा. चावी बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्यांकडे असते आणि प्राधिकृत अधिकाऱ्यांची बदली झालेली असते. सील आम्ही तोडले तर आमच्यावर गुन्हा, आणि न तोडले तर ७६ वर्षांच्या बाईने रात्री कुठे झोपायचे, हे कोणत्या टेबलावर विचारायचे तेही कोणी सांगत नाही!

सोसायटीचा मेंटेनन्स अर्थातच भरू नये.

लिलावाच्या जाहिरातीत ‘जशी आहे तशी, जिथे आहे तिथे’ हा मंत्र घातला की ओल, थकबाकी आणि कबुतरे ही सर्व घेणाऱ्याची. कोणी फिरकले नाही तर राखीव किंमत उतरवून १५ दिवसांच्या नोटिशीवर पुन्हा लिलाव मांडावा.

आता पुरे झाले. ताब्यातल्या मिळकतीची सामान्य समजूतदार मालक घेईल तेवढी काळजी घ्यावी, ती विकली जाईपर्यंत तिचे जतन करावे आणि गरज पडल्यास विमाही उतरवावा, हे सरफेसी कायद्याखालच्या २००२ च्या नियमांतील आठव्या नियमात स्पष्ट लिहिलेले आहे. तुमच्या वकिलांनी तो वाचला नसेल तर त्यांना फी कशाची देता, आणि वाचून सांगितला असेल तर तुम्ही झोपला होता काय? दर पावसाळ्यात त्या फ्लॅटची किंमत घसरते आणि न फिटलेली बाकी पुन्हा त्याच कर्जदाराच्या डोक्यावर बसते, ज्याचे घर तुम्ही कुजवत ठेवले आहे. याला वसुली म्हणत नाहीत, हलगर्जीपणा म्हणतात. बदली झालेल्या साहेबांकडून चावी मागवून घ्या आणि या आठवड्यात एक माणूस पाठवा. जाळी साफ करायला दहा मिनिटे लागतील. खराटा आमच्याकडे आहे.