भंगारातल्या कुऱ्हाडीचा तो फॉरवर्ड

लक्ष्मीपुरीच्या बाजारात किंवा भंगाराच्या ढिगात जुनी कुऱ्हाड दिसली की हात शिवशिवणारी माणसं कोल्हापुरात कमी नाहीत. त्यांच्यात सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: जुनं लोखंड शुद्ध असतं, गंजत नाही, दिल्लीचा लोहस्तंभ बघा. टणटण वाजली तर कुऱ्हाड शिवकालीन समजा, हजारोंत जाते. ॲसिडमध्ये बुडवा, ग्राइंडरवर धार काढा, दांडा हलत असेल तर रात्रभर पाण्यात ठेवा.

गंजत नाही म्हणता, मग ॲसिड कशाला, भावा?

लोहस्तंभ टिकला तो त्यातल्या जास्तीच्या फॉस्फरसमुळं. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी त्यावरच्या संरक्षक थराचा अभ्यास केला होता. दिल्लीच्या कोरड्या हवेनंही हातभार लावला. पण फॉस्फरस वाढला की लोखंड ठिसूळ होतं. ते खांबाला चालतं, घाव घालायच्या हत्याराला नाही. तुमची कुऱ्हाड गगनबावड्याच्या पावसात बाहेर विसरा, आठवड्यात ती तांबडी होईल.

‘शुद्ध’ हाही गुण नव्हे. शुद्ध लोखंड मऊ असतं, त्याला धार धरत नाही. जुन्या लोहारानं अंग साध्या लोखंडाचं केलं आणि तोंडाला तेवढा पोलादाचा तुकडा तापवून, ठोकून जोडला. कुऱ्हाडीची किंमत त्या तुकड्यात. दरवेळी धार काढताना, लोहाराकडून शेवटून (तापवून, ठोकून तोंड पुन्हा पातळ करून) घेताना तो थोडाथोडा झिजतो. त्यामुळं भंगारातली कुऱ्हाड दिसायला धडधाकट आणि तोंडात पोलाद शून्य, असं सर्रास होतं. घेण्याआधी धारेवर हलकेच कानस फिरवून बघा. घसरत घसरत जेमतेम खाल्लं तर पोलाद आणि त्याला दिलेलं पाणी, म्हणजे तापवून बुडवून आणलेला कडकपणा, शाबूत आहे. कानस सहज, खोल खाऊ लागली तर पाणी उतरलंय किंवा पोलादच संपलंय. घरी आणल्यावर तोंड घासून चकचकीत करा आणि त्यावर व्हिनेगर लावा: पोलाद काळपट पडतं, लोखंड फिकं राहतं, जोडाची रेघ उघडी होते. रेघच दिसली नाही तर अख्खी कुऱ्हाड एकाच पोलादाची असू शकते. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून आजचा लोहार घडवतो ती तशीच असते, आणि नीट पाणी दिलेलं असेल तर कित्येक जुन्यांना भारी पडते.

टणटण आवाजावरून कळलंच तर एवढंच कळतं की बहुधा तडा नाही. तडा असला, किंवा उद्यमनगरात ओततात तसलं बीड (ओतीव लोखंड) असलं, तर आवाज बद्द येतो. वय आवाजात नसतं. आणि खरोखर शिवकालीन असेल, तर प्रकरण वेगळंच आहे. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरू शकते. तिचा धंदा करायला परवाना लागतो, परदेशी परस्पर पाठवता येत नाही. ‘हजारोंत जाते’ लिहिणाऱ्यानं हे सोयीस्कर गाळलंय.

आता खरं नुकसान करणारे सल्ले. संडास धुवायचं ॲसिड गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं. शिवाय त्यातून सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरून ते ठिसूळ करू शकतो. साधं व्हिनेगर रात्रभर पुरतं. सकाळी तारेच्या ब्रशनं घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, लगेच कोरडं करून तेल लावा. खालचा काळा थर मात्र राहू द्या. तो पुढच्या गंजाला थोडा अडवतो. आरशासारखी चकाकी आणायचा हट्ट मला तरी कळत नाही.

ग्राइंडर तर सगळ्यात वाईट. धार पातळ, तिथं उष्णता क्षणात साठते. पोलाद साधारण 230 अंशांना पिवळसर दिसतं, 300 च्या आसपास निळं. निळं दिसलं की पाणी उतरायला लागलंच म्हणायचं; तापत गेलं तर धार बाभळीच्या गाठीवर वळते. पुन्हा भट्टी, पुन्हा पाणी, आणि ते जमणारा लोहार शोधणं आलं. कानस आणि धारेचा दगड घेऊन बसा. वेळ लागतो, लागू दे.

पाण्यात भिजवलेला दांडा सकाळी घट्ट लागतो, हे खरं. फुगलेलं लाकूड लोखंडाच्या भोकात दाबलं जातं, आतले तंतू चिरडतात, आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा ढिला होतो. मग एखाद्या घावाला पातं सुटून समोरच्याच्या अंगावर. नवी पाचर मारा, नाहीतर धावडा किंवा धामणीचा वाळलेला दांडा घाला आणि त्याला जवसाचं तेल पाजा. तेलाचे बोळे मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा.