रात्रीच्या ड्युटीला कोण असतं, ते आधी विचारा

आमचा अण्णा ४१ वर्षांचा आहे. बौद्धिक अपंगत्व, बोलता येत नाही, लहानपणापासून फिट्स. आईचे गुडघे गेले, तेव्हा मन घट्ट करून त्याला एका निवासी संस्थेत ठेवलं. कुठली ते विचारू नका, सांगणार नाही.

बघायला गेलो तेव्हा सगळं चकचकीत होतं. नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं. चाळिशीच्या माणसांच्या खोलीत भिंतीवर कार्टून. तेव्हाच खटकायला हवं होतं.

तिसऱ्या महिन्यात फोन आला. "तुमचा पेशंट रात्रभर गालावर मारून घेतो. झोपेची गोळी सुरू केलीय." आई फोनवरच म्हणाली, "दाढ दुखत असंल त्याची." सात रस्त्याकडच्या डेंटिस्टला दाखवलं. खालची दाढ पोकळ, आत पू. ज्याला बोलता येत नाही त्याचं दुखणं लोकांना वेड वाटतं आणि दुखण्याऐवजी माणसालाच गप्प केलं जातं.

अण्णाला वर्षानुवर्षं फिट्सची गोळी, फेनिटॉइन, चालू आहे. त्यानं हिरड्या सुजतात, तोंड जपावं लागतं. हे मी फाइलच्या पहिल्या पानावर लिहून दिलं होतं. फाइल ऑफिसच्या कपाटात, कपाटाची किल्ली सरांकडे आणि सर संध्याकाळी सहाला घरी.

रात्री बावीस जणांमागे एक मावशी. दिवसा विड्या वळून रात्री ड्युटीला येणारी, पगार नऊ हजार. तिच्यावर काय चिडणार? "ताई, मला कुणी सांगितलंच नाही हो," म्हणाली. आणि खरं सांगायचं तर फाइल मी इंग्रजीत टाइप केली होती. मावशी तेलुगू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. सोलापुरात राहून मला एवढं सुचू नये!

कायदा नाही असं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संस्थांची नोंदणी आहे, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी वेगळं कलम आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती पालकत्व देते. आईनं अर्ज करून ठेवलाय, "माझ्यामागं कोण" हा घोर तिला आहेच. पण दाढ बघायला प्रमाणपत्र येत नाही.

म्हणून कुणी संस्था बघायला निघाला तर दुपारी जाऊ नका. रात्री आठला, न सांगता जा. फिट किती वेळ चालली हे घड्याळ बघून कोण लिहितं, विचारा. पाच मिनिटांवर गेली तर दवाखान्यात कोण नेणार, गाडी कुणाची? गोळी चुकली तर कुणाला कळतं? दर महिन्याला वजन करतात का?

आणि दानशूर मंडळी, वाढदिवसाचे केक आणि चादरी पुरे. सोलापुरात चादरींना काय तोटा? रात्रीच्या दुसऱ्या मावशीचा वर्षाचा पगार द्या की. त्याचा फोटो येत नाही, हीच अडचण आहे.

अण्णा अजून तिथंच आहे. दुसरी सोय आमच्याकडे नाही. मी शेजारच्या काकांकडून एक पान तेलुगूत लिहून घेतलं आणि त्याच्या कॉटशेजारी चिकटवलं: गालावर मारतो म्हणजे दात, पोट धरतो म्हणजे संडासला, भाकरी दुधात कुस्करूनच.

परवा रात्री साडेदहाला मावशींचा आईला फोन. "कान चोळतोय हो सारखा. हे कागदावर नाही."

"पंखा बंद कर," आई म्हणाली. "वारं लागतंय त्याला."