किंचाळणाऱ्या बेल्टवर साबण घासू नका : खुलासा

नागपुरातल्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: इंजिनाचा बेल्ट किंचाळला की त्यावर साबणाची वडी घासा किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारा. कृपया हे करू नका. आवाज थोडा वेळ दबतो, पण तेलकट स्प्रेने रबर फुगतं आणि बेल्ट जास्तच घसरू लागतो.

आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत एसी सतत चालतो. कॉम्प्रेसरचा भार बेल्टवर येतो, म्हणून लपलेला दोष तेव्हाच बोलू लागतो. दोष नेमका कुठे, हे साध्या पाण्याने कळतं. इंजिन चालू ठेवून, हात आणि ओढणी लांब ठेवून, बेल्टच्या खाचांवर हलका फवारा मारा. आवाज थांबून परत आला, तर बहुधा पुल्या, म्हणजे बेल्ट ज्यांवरून फिरतो ती चाकं, एका रेषेत नाहीत. वाढला, तर ताण कमी आहे, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) तपासा. काहीच बदललं नाही, तर बेअरिंगवर (पुली ज्यावर सहज फिरते त्या भागावर) संशय घ्या: इंजिन बंद करून, बेल्ट उतरवून प्रत्येक पुली हाताने फिरवा, खरखर जाणवेल.

‘भेगा नाहीत, म्हणजे बेल्ट चांगला’ हेही खरं नाही. आताचे ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे बेल्ट भेगा न पडताच झिजतात. आणि बेल्टवर कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) ओलावा दिसला, तर आधी गळती बंद करा, मगच नवा बेल्ट घाला.