आमचे हे गेले

मी आजवर एकाच जिवंत माणसाला मारलंय आणि तेही चांगल्या इंग्रजीत.

झालं असं की चिरंजीव इंदूरच्या एका कॉन्व्हेंटमध्ये चौथीत आहेत आणि मी त्या वर्गाचा पालक प्रतिनिधी आहे. निवडून वगैरे आलो नाही, त्या मीटिंगला उशिरा पोचलो एवढंच. मार्चमध्ये या पदाला जो काय बहर येतो तो विचारू नका. नो ड्यूजचा फॉर्म, पुढच्या वर्षाची फीस, पुस्तकांची लिस्ट, अ‍ॅन्युअल डेचे परीचे पंख परत करा अशी रोज एक सूचना (आमचा मुलगा झाड होता, तरी पंख आमच्याच माळ्यावर सापडले, हे अजून कुणाला कळलेलं नाही). त्यात यंदा प्रिन्सिपल सिस्टरांनी बोलावून घेतलं. बारा वर्षांपूर्वी पेपरात माझं एक पत्र छापून आलं होतं, नळाच्या पाण्याबद्दल. ते बायकोने पीटीएममध्ये सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून मी शाळेत राइटर.

सिस्टर केरळच्या, पण हिंदी आपल्यापेक्षा शुद्ध. म्हणाल्या, आमच्या गावाकडे रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपली की फादर सगळ्या घरांच्या बातम्या वाचतात, कोण आजारी आहे, कुणाकडे बाळ झालं, कोण वारलं, आणि लग्न ठरलं असेल तर परंपरेने लागोपाठ तीन रविवार नावं पुकारतात, कुणाची काही हरकत असेल तर बोला. मी मनात म्हटलं आपल्याकडे हे काम आत्या एका फोनवर करते आणि हरकत ती स्वतःच घेते. तर सिस्टरांचं म्हणणं असं की शाळा म्हणजे पण एक फॅमिली आहे, तर वर्षअखेरच्या न्यूजलेटरमध्ये एक पान फॅमिली न्यूजचं असावं, आणि शेवटच्या दिवशी असेंब्लीत ते वाचावं, सुखाच्या बातमीला टाळ्या आणि दुःखाच्या बातमीला प्रार्थना. "हर घर का सुख-दुख हमारा सुख-दुख, है ना?" आता सिस्टरांनी "है ना" म्हटल्यावर नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

मी ग्रुपवर मेसेज टाकला, कृपया आपल्या घरच्या वर्षभरातल्या ठळक बातम्या पाठवाव्यात. पहिल्या तासात चौदा गुड मॉर्निंग आले. मग एकाने विचारलं उद्या गणिताला सर्कल आहे का. मग बांध फुटला. कुणाकडे नवीन क्रेटा आली, फोटोसकट, फोटोत गाडीपेक्षा लिंबू-मिरची मोठी. कुणाच्या लॅब्रॅडॉरला सहा पिल्लं झाली, त्याला टाळ्या की प्रार्थना हे मला अजून ठरवता आलेलं नाही. रामबागेतल्या एका आजोबांनी नातवाच्या मुंजीचा वृत्तांत पाठवला, तीन पानं, त्यातलं दीड पान नुसतं जेवणाचं, आणि श्रीखंड जरा आंबट होतं हे सुद्धा प्रामाणिकपणे. एका मम्मीने "सासूबाई आल्यात" एवढंच लिहिलं. सुख की दुःख ते नाही लिहिलं.

गेटवरच्या मावशी झाबुआकडच्या. त्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप नाही, त्यांनी वहीचं पान दिलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, की मुलीला नर्सिंगला अ‍ॅडमिशन मिळाली. घडी घातलेलं पान होतं, आणि द्यायच्या आधी त्यांनी ते दोनदा पदराला पुसलं. जागा नव्हती म्हणून मी क्रेटा काढली. (क्रेटावाले अजून बोलत नाहीत.)

आमची आई या सगळ्यात फुल इंटरेस्ट घेत होती. मी तारखांचं बघत होतो तर म्हणाली, त्यांचं ते ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला का गं येतं. मी आईचा मुलगा आहे पण आई गप्पांच्या भरात मला सुद्धा "गं" म्हणते. सांगितलं की २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा धरतात तिच्या पुढचा रविवार. "म्हणजे पंचांगच की," आई म्हणाली, "आणि त्याआधी चाळीस दिवस उपास, मग आपल्यातलेच म्हणायचे, फक्त साबुदाणा राहिला." तिथून पुढे आईने न्यूजलेटर आपलंच मानलं.

आता मुख्य गुन्हा. चौथी ब मधल्या आर्यनच्या मम्मी मराठी आहेत, त्यामुळे त्यांनी टाईप न करता व्हॉइस नोट पाठवली, एक मिनिट चाळीस सेकंदांची. मी तेव्हा पलासियाच्या सिग्नलला होतो, मागून लोक हॉर्न वाजवून राहिले होते, मी फोन कानाला लावला. पडलेला आवाज. "दादा, आमचे हे गेले हो परवा. सकाळीच. काही कल्पना नव्हती, एकदम झालं सगळं. वर्ष संपायला पंधरा दिवस राहिले होते, तेवढं तरी थांबायला हवं होतं ना. पण वरून ऑर्डर आली की कुणाचं काय चालतं. आता मी आणि आर्यन, दोघंच..." तेवढ्यात सिग्नल सुटला आणि माझ्या पोटात गोळा आला. माणूस चाळिशीचा नसेल, स्पोर्ट्स डेला माझ्याबरोबर रस्सीखेचला होता, माझ्याच पायावर पडला होता.

उरलेला एक मिनिट मी ऐकला नाही. ही चूक मला मान्य आहे. पण तुम्हीच सांगा, एका बाईचं रडणं पुरं ऐकून घ्यायला कुणाला धीर होतो? घरी आलो, आईला सांगितलं. फोन करून विचारावं का म्हटलं तर आई म्हणाली, असं काय विचारणार, "खरंच गेले का" म्हणून? ते पण खरं होतं. मग आईने चहा पण घेतला नाही आणि मी बसून लिहिलं, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं इंग्रजी वाक्य, की आर्यनचे वडील "लेफ्ट फॉर हिज हेवनली अबोड". सिस्टरांनी वाचून छातीवर क्रॉसची खूण केली आणि म्हणाल्या, पूरी असेंब्ली प्रेयर करेगी.

शेवटचा दिवस. हॉल भरलेला, पंखे नुसता आवाज करून राहिलेले. सुखाच्या बातम्या झाल्या, मावशींच्या मुलीला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या, पिल्लांना पण पडल्या. मग सिस्टरांनी आवाज खाली आणला, आर्यनच्या वडिलांचं पूर्ण नाव घेतलं, हेवनली अबोड म्हणाल्या, आणि सगळे उभे राहिले. मी मान खाली घातली. शेजारच्या बाईंनी रुमाल काढला. पंधरा-वीस सेकंद गेले असतील, मी हळूच डोळे उघडले तर शेवटच्या रांगेत, दाराजवळ, हात जोडून, डोळे मिटून, आर्यनचे पप्पा उभे.

मला वाटलं आपल्याला दिसून राहिलेत. मी चष्मा काढला, पुसला, लावला. तेच. पाठीवर बॅग, हातात हेल्मेट. ते स्वतःच्या आत्म्याला शांती लाभावी म्हणून अत्यंत मनापासून प्रार्थना करत होते आणि पूर्ण मिनिट करत राहिले, कारण पंख्यांच्या आवाजात त्यांना नाव कळलंच नव्हतं, सगळे उभे राहिले म्हणून ते उभे राहिले, इंदूरची माणसं अशीच चांगली असतात. "आमेन" झालं आणि चौथीच्या रांगेतून आर्यनचा आवाज आला, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. "पप्पा, तू तो भोपाल गया था ना?"

भोपाळ. बदली. सरकारी खात्याची ऑर्डर, वरून. उरलेल्या एका मिनिटात हेच सगळं होतं, मी नंतर तिथेच हॉलच्या मागे उभा राहून ऐकलं. "...भोपाळला क्वार्टर मिळालं नाहीये, शनिवारी येतील रिझल्टला, तर न्यूजमध्ये ट्रान्सफरचं टाका दादा, आणि ह्यांची डेसिग्नेशन नीट लिहा, प्रमोशनवर गेलेत." प्रमोशनवर! आणि कुठल्याही इंदूरकराने भोपाळला हेवनली अबोड म्हटल्याचं इतिहासात हे पहिलंच उदाहरण असावं.

हॉलच्या भिंतीवर सिस्टर रानी मारिया यांचा फोटो आहे. २५ फेब्रुवारी १९९५ ला उदयनगरहून इंदूरला येताना बसमध्ये त्यांना मारलं, २०१७ साली इथेच इंदूरला चर्चने त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, आणि ज्याने मारलं त्याला घरच्यांनी माफ केलं, सख्ख्या बहिणीने राखी बांधली त्याला. मी त्या फोटोखाली उभा होतो आणि आर्यनची मम्मी माझ्या दिशेने येत होती, आणि मला दिसत होतं की सगळ्यांनाच ते जमत नाही.

पप्पा मात्र दिलदार. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "भिया, एक गोष्ट सांगा, किती लोक रडले?" मी म्हटलं एका बाईंनी रुमाल काढला होता. "कोणत्या?" मी दाखवल्या. ते जाऊन त्यांना नमस्कार करून आले, ऑफिसात तर कोणी सेंड ऑफ पण दिला नाही म्हणाले. मग आम्ही दोघं छप्पन दुकानला जाऊन पोहे-जिलबी खाल्ली, पैसे मी दिले, अर्थात. आईला फोन केला तर ती आधी रडली आणि मग म्हणाली, मी चहा सोडला होता एक वेळचा, तो हिशोब कोण देणार.

न्यूजलेटरच्या अडीचशे कॉप्या छापून आल्या होत्या. त्यावर मी आणि चिरंजीव दोन रात्री बसून पांढरी पट्टी चिकटवत होतो, "ट्रान्सफर्ड टू भोपाळ ऑन प्रमोशन", तरी उजेडात धरलं की खालून हेवनली दिसतंच.

आणि परवा सिस्टरांचा फोन आला. त्यांची पण बदली झालीय, सिस्टर लोकांच्या बदल्या याच दिवसांत होतात, मे महिन्यात जातायत, झाबुआकडच्या कुठल्या तरी शाळेत. मला खरंच वाईट वाटलं. दोन शब्द लिहाल का म्हणाल्या, मी हो म्हटलं. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "और सुनिए, छपने से पहले एक बार मुझे दिखा देना."